जनुकांची बेसुमार वाढ आणि दुरुस्तीचा हात

पेशीतला डीएनए तुटतो, आणि पेशीतलीच यंत्रणा तो सांधते. ही यंत्रणा बिघडली की जनुकांची शिस्त मोडते. काही जनुके हरवतात, तर काहींच्या दोनाच्या वीस, विसाच्या शंभर प्रती होतात. कर्करोगाविषयी लोकांसाठी जे लिहिले जाते त्यात बहुधा एवढेच सांगितलेले असते. या हिशेबात दुरुस्ती म्हणजे पहारेकरी, आणि जनुकांच्या प्रती बेसुमार वाढणे, म्हणजेच जनुक-प्रवर्धन, हे पहारा उठल्यावरचे लुटालुटीचे काम. हे चित्र अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या चिलटाने, म्हणजे ड्रोसोफिलाने, दाखवून दिला आहे. आंबा बागायतदार ज्या फळमाशीच्या नावाने कपाळाला हात लावतो ती वेगळी. हे चिलट कोणाच्या पिकाचे फारसे बिघडवत नाही, पण एका ढोबळ समजुतीला मात्र त्याने चांगलाच धक्का दिला. त्याच्या अंड्याभोवतीच्या पेशींत दुरुस्तीचा एखादा मार्ग बंद पाडला, तर प्रवर्धन मोकाट सुटत नाही. उलट ते अडखळते. आणि दुसरा एक मार्ग बंद केला तर त्याला जोर चढतो. म्हणून ‘दुरुस्ती बिघडली की काय होते’ हा प्रश्न इतक्या मोघमपणे विचारण्यातच गफलत आहे, असे मला वाटते.

रायगडच्या किनाऱ्याला हा प्रश्न परका नाही. टाटा मेमोरियल सेंटरची कर्करोग संशोधन संस्था, सर्वांच्या तोंडी असलेली ‘ॲक्ट्रेक’, पनवेल तालुक्यातल्या खारघरला आहे. तिची मुळे परळमध्ये 1952 साली सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, आणि त्याचे पहिले सूत्रधार डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या कामात सापडतात. खानोलकरांनी 1944 साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या 1000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. हा रोग इथे इतका का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तराचा मोठा भाग लोकांच्या गालात होता. तंबाखू, चुना, सुपारी, आणि कोकणातल्या बायकांच्या हाताला सवयीने येणारी मशेरी. श्रीवर्धनचा रोठा हे या किनाऱ्याचे नगदी पीक, त्यावर कित्येक वाड्या उभ्या आहेत. त्याच सुपारीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली, तंबाखूची जोड नसतानाही, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. सुपारीवर नाही, आणि ती येणे शक्यही दिसत नाही.

2013 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम संघाच्या भारतीय चमूने, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेने आणि खारघरच्या ॲक्ट्रेकने मिळून, गाल आणि हिरडी यांच्या खाचेत होणाऱ्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा मांडला. 50 रुग्णांच्या गाठींतल्या प्रथिने घडवणाऱ्या जनुकांचे पूर्ण वाचन केले आणि आणखी 60 रुग्णांत ते निष्कर्ष पडताळून पाहिले. टीपी-53, फॅट-1, कॅस्पेस-8, एचरास, नॉच-1 या जगभर ओळखीच्या जनुकांतले बिघाड त्यात होतेच. पण ड्रोशा आणि याप-1 या दोन जनुकांच्या प्रती पुन्हा पुन्हा वाढलेल्या दिसल्या, ही नवी गोष्ट होती. या यादीतली निम्मी नावे मुळात चिलटाच्या अभ्यासातून आलेली आहेत. नॉच, फॅट, ड्रोशा ही तिन्ही आधी माशीत सापडली, आणि याप-1 चा माशीतला भाऊबंद योर्की. फॅट हे जनुक योर्कीला लगाम घालणाऱ्या मार्गात बसते. माणसाच्या डोके-मानेच्या कर्करोगातही फॅट-1 निकामी झाले की याप-1 ला मोकळीक मिळते, हे पुढे दाखवले गेले. म्हणजे एका रुग्णात लगाम तुटलेला आणि दुसऱ्यात घोडेच वाढलेले, पण दोघांची दौड एकाच दिशेची. अशा जनुकाच्या प्रती गाठीत वाढल्या कशा, हे विचारायला चिलटाकडेच जावे लागते यात आश्चर्य नाही.

तरी या तीरावर चिलटांची परंपरा वेगळ्या विषयाची आहे. बंदरापलीकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1970 च्या दशकात माशीला वास आणि चव कशी कळते यावर जगाने दखल घ्यावी असे काम केले. प्रवर्धनाचे काम झाले ते अमेरिकेत. ॲलन स्प्रॅडलिंग यांनी अँथनी महोवाल्ड यांच्यासह 1980 साली दाखवले की अंड्याचे कवच घडवणाऱ्या जनुकांच्या प्रती अंड्याभोवतीच्या पुटक-पेशींत ठरल्या वेळी वाढतात.

ही यंत्रणा जरा तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. अंड्याभोवती पुटक-पेशींचा एकपदरी थर असतो. आधी त्या विभागून वाढतात. मग नॉचच्या इशाऱ्यावर विभागणे थांबवतात, पण डीएनए दुप्पट करणे चालूच ठेवतात. काही फेऱ्यांनंतर नॉचचा इशारा मंदावतो आणि सबंध जीनोमचे द्विगुणन बंद पडते. त्यानंतर केवळ सहा ठिकाणी डीएनए पुन्हा पुन्हा नव्याने लिहिला जातो. त्यांपैकी दोन ठिकाणी कवचाच्या प्रथिनांची जनुके आहेत. तिसऱ्या गुणसूत्रावरचा 66डी हा प्रदेश 60 ते 80 पट होतो, एक्स गुणसूत्रावरचा 7एफ साधारण 15 ते 20 पट. कारण सरळ आहे. कवच घडवायला पेशीकडे थोडेच तास असतात, आणि जनुकाच्या दोन-चार प्रतींवरून तेवढ्या वेळात तेवढे प्रथिन निघणे शक्य नाही. पेशी साचा न वाढवता उत्पादन वाढवू शकत नाही, म्हणून साचेच वाढवते. एरवी पेशीचा कडक नियम असा की एका चक्रात डीएनएची कोणतीही जागा एकदाच उघडायची. इथे तो नियम ठरावीक जागी, ठरावीक वेळी, जाणूनबुजून मोडला जातो.

आरंभबिंदू उघडला की तिथून दोन्ही दिशांना दोन बेचकी निघतात. जीवशास्त्रज्ञ त्यांना रेप्लिकेशन फोर्क म्हणतात. ती पुढे सरकत असतानाच तोच बिंदू पुन्हा उघडतो, त्यातून नवी बेचकी निघतात, मग पुन्हा. परिणामी अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारखी पापुद्र्यावर पापुद्रा अशी रचना होते. मध्यभागी प्रती सर्वांत जास्त, कडेला जाता जाता कमी, आणि हा उतार आरंभबिंदूच्या दोन्ही बाजूंना लाखभर अक्षरांच्या टप्प्यात पसरतो. अभ्यासकाच्या दृष्टीने या व्यवस्थेचे सोने इथे आहे. आरंभबिंदू काही अवस्थांनंतर उघडायचे थांबतात, पण आधीच निघालेली बेचकी पुढे चालत राहतात. त्यामुळे ‘किती वेळा सुरुवात झाली’ आणि ‘सुरुवात झाल्यावर किती दूर गेले’ हे दोन प्रश्न वेगळे करता येतात. मधल्या शिखराची उंची पहिल्याचे उत्तर देते आणि उताराची रुंदी दुसऱ्याचे. कर्करोगाच्या गाठीत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके मिसळलेले असतात की ते सुटे करणे जवळजवळ अशक्य.

1990 च्या दशकापासून पातळ कवचाची अंडी घालणाऱ्या माशा शोधून त्यांच्यातले बिघडलेले जनुक ओळखण्याचे काम जोरात चालले. सापडलेली बहुतेक जनुके सुरुवातीची होती. आरंभबिंदूवर बसणाऱ्या प्रथिनसमूहाचा एक घटक, परवाना देणारे प्रथिन, ठिणगी टाकणारे प्रथिन. बिघाड यांत असला तर शिखरच बुटके राहते. या काळात दुरुस्तीचा कोणी फारसा विचार केला नाही, आणि त्यात नवल नाही. नियोजित काम आहे, मग त्यात तुटफूट कशाला होईल, असेच कोणालाही वाटेल.

ती होते. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हाइटहेड संस्थेच्या टेरी ऑर-वीव्हर यांच्या प्रयोगशाळेत जेसिका अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी 2015 साली दाखवले की चालत्या बेचक्यांच्या जागी दुपदरी तुटीची खूण, म्हणजे फॉस्फेट चिकटलेले एक हिस्टोन प्रथिन, ठळकपणे जमलेली असते. पुढचे बेचके थबकले आणि मागून निघालेले त्याच्यावर येऊन आदळले की अर्धवट लिहिलेला धागा मोकळा पडतो आणि डीएनए दोन्ही पदरांनी तुटतो. म्हणजे निरोगी माशीच्या निरोगी पेशीत, पूर्ण नियोजित कामात, तुटी सतत पडत असतात आणि सतत सांधल्या जात असतात. संशोधकांनी तुटीची वर्दी देणारी चेकपॉइंट प्रथिने काढून टाकली, तेव्हा बेचक्यांची मजल घटली. तुटलेली टोके थेट एकमेकांना चिकटवणारा मार्ग बंद केला, तेव्हाही घटली. दुसऱ्या प्रतीकडे पाहून बिनचूक सांधणारा मार्ग, ज्याला समजात पुनर्संयोजन म्हणतात, तो बंद केल्यावर मात्र मजल घटली नाही. पाठ्यपुस्तकांत ज्या मार्गाची ओळख ‘घाईचा आणि चुकांचा’ अशी करून देतात तो इथे काम तडीला नेत होता, आणि ज्याची तारीफ होते तो निदान आवश्यक तरी नव्हता.

2016 साली त्याच प्रयोगशाळेने तिसरा मार्ग तपासला. तुटलेल्या टोकांजवळची चार-दोन अक्षरे जुळतात का ते पाहून, मधला भाग टाकून, सांधा करणारा हा सूक्ष्म-जुळणीचा मार्ग. त्यातले मुख्य प्रथिन म्हणजे पॉलिमरेझ थीटा, माशीतल्या एमयूएस-308 या जनुकाचे. डीएनएला इजा करणाऱ्या रसायनांपुढे टिकाव न धरणाऱ्या माशांच्या जुन्या शोधमोहिमांतून या घराण्यातली जनुके मिळाली होती. ते जनुक पूर्णपणे निकामी असले तर काही अंडी पातळ कवचाची निघाली आणि कवच-जनुकांचे उत्पादन घटले. आरंभबिंदू मात्र नेहमीसारखेच उघडत होते. सहापैकी दोन जागी बेचकी कमी अंतर चालली, एवढाच बिघाड. याआधीच्या पातळ कवचांच्या कथा बहुतेक सुरुवातीच्या होत्या. ही कथा वाटचालीची. शिवाय टोके थेट चिकटवणारा मार्ग नसेल तेव्हा हा मार्ग त्याची जागा भरून काढतो असे दिसले, तेही सगळीकडे नव्हे, जागेजागेनुसार. आणि सर्वांत अनपेक्षित गोष्ट अशी की पुनर्संयोजन करणाऱ्या रॅड-51 या प्रथिनाची माशीतली दोन रूपे, स्पिंडल-ए आणि स्पिंडल-बी, दोन्ही काढल्यावर बेचकी जास्त दूर गेली. म्हणजे पुनर्संयोजन स्वस्थ बसलेले नव्हते. ते कामात होते आणि चाल रोखत होते. याचे कारण तर्काने लावता येते. जिथे एकाच मजकुराच्या डझनावारी प्रती शेजारी पडलेल्या आहेत, तिथे ‘दुसऱ्या प्रतीकडे पाहून सांधा’ या पद्धतीला नमुना शोधायला जागाच जागा मिळते. तुटलेले टोक चुकीच्या पापुद्र्यात शिरते, गाठी पडतात, वेळ जातो. बिनचूकपणाची किंमत इथे अंतराने मोजली जाते.

यातून निघणारी गोष्ट मला निर्णायक वाटते. प्रवर्धन आणि दुरुस्ती यांचे नाते शत्रुत्वाचे नाही. तुटल्याशिवाय प्रवर्धन होत नाही, आणि सांधल्याशिवाय ते पुढे जात नाही. सांधणारे मात्र एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. एकाच तुटीवर तीन मार्ग हक्क सांगतात, आणि कोण आधी पोचतो यावर प्रदेशाची रुंदी ठरते. पहारेकऱ्याच्या रूपकात या स्पर्धेला जागाच नाही.

यावर पहिला आक्षेप कीटक-अभ्यासकांकडूनच येईल. पातळ कवच प्रत्येक अंड्यात दिसले नाही, तुरळक दिसले. मग एवढा मोठा निष्कर्ष कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो कवचाला लागू पडतो, मोजमापाला नाही. कवच पातळ होण्यासाठी उत्पादन एका मर्यादेखाली जावे लागते, आणि एक मार्ग गेला तरी दुसरा अंशतः भरपाई करतोच. डीएनएच्या प्रती मोजल्या तर फरक नेमक्या जागी आणि नेमक्या दिशेने दिसतो. स्पिंडल जनुकांबाबत याहून बारीक शंका घेता येते. ही जनुके नसलेल्या माशांच्या अंड्यांचे कवच आकारानेही बिघडते, हे प्रवर्धनाचा प्रश्न उपस्थित होण्याच्या फार आधीपासून माहीत होते. त्याचे कारण अंडपेशीत असते. अर्धसूत्री विभाजनातल्या तुटी सांधल्या जात नाहीत, चेकपॉइंट जागा होतो, आणि अंड्याची पाठ कोणती हे पुटक-पेशींना सांगणारा संदेश दबतो. मग बेचक्यांवरचा परिणामही असाच आडवाटेने आलेला नसेल कशावरून? माझ्या मते, दिशाच उत्तर देते. आजारी अंडपेशीच्या शेजारी पेशींचे काम खालावेल, सुधारणार नाही. इथे ते पुढे गेले.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माशीतले प्रवर्धन विकासक्रमात लिहिलेले आहे, कर्करोगातले अपघाती. एकावरून दुसऱ्याचा अर्थ लावायचा कसा? सुरुवात वेगळी आहे हे मान्यच करावे लागते. गाठीत कोणी 66डी ठरवून उघडत नाही. पण दोन पेशींत एक साम्य आहे, आणि ते वरवरचे नाही. इंडियाना विद्यापीठातल्या ब्रायन काल्व्ही यांच्या गटाने 2008 मध्ये दाखवले की विभागणे सोडून डीएनए वाढवणाऱ्या माशीच्या पेशी तुटी पडल्या तरी आत्महत्या करत नाहीत. मरणाची आज्ञा देणारी जनुके त्यांच्यात बंद ठेवलेली असतात. गाठीतली पेशीही टीपी-53 गमावून हीच मुभा मिळवते. 1992 साली ‘सेल’ नियतकालिकात आलेल्या दोन अभ्यासांनी दाखवले होते की निरोगी पी-53 (टीपी-53 चे प्रथिन) असलेल्या पेशी औषधाच्या दाबाखाली जनुकाच्या प्रती वाढवून वाचत नाहीत, ते गमावलेल्या पेशी वाचतात. तुटी घेऊन जगण्याची परवानगी दोन्हीकडे आहे. एकीकडे ती विकासक्रमाने दिलेली, दुसरीकडे बळकावलेली.

परवानगी आणि कारागिरी यांतला हा भेद तिसऱ्या आक्षेपाचेही उत्तर आहे. दुरुस्ती प्रवर्धनाला लागते, तर दुरुस्ती बिघडलेल्या गाठींत प्रती जास्त का दिसतात? कारण आपण ‘दुरुस्ती’ या एका शब्दात तुटीची वर्दी देणारे, पेशीला थांबवणारे, मारणारे आणि प्रत्यक्ष सांधणारे असे सगळे एकत्र कोंबतो. पहिल्या तिघांपैकी कोणी गेले तर मुभा मिळते. सांधणारे सगळेच गेले तर मुभेचा उपयोग उरत नाही. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1940 च्या सुरुवातीला मक्यात पाहिलेले तुट-जोड-पूल हे चक्र आठवून पाहावे. गुणसूत्र तुटते, तुटलेली टोके एकमेकांना चिकटतात, विभाजनात ताणून पुन्हा तुटतात, आणि दर फेरीला एका बाजूला जनुकाच्या प्रती वाढतात. यातला प्रत्येक ‘जोड’ दुरुस्तीच्याच हाताने होतो. रॉबर्ट शिम्की यांच्या गटाने 1978 मध्ये मेथोट्रेक्सेट या औषधाला दाद न देणाऱ्या पेशींत जनुक-प्रती वाढलेल्या दाखवल्या. अलीकडे, 2021 मध्ये, डॉन क्लीव्हलँड यांच्या गटाने त्याच औषधाच्या दाबाखाली पाहिले की गुणसूत्राचे तुकडे होऊन बनणारी, प्रवर्धित जनुके वाहणारी डीएनएची सुटी वर्तुळे तयार होण्यासाठी टोके चिकटवणाऱ्या मार्गातली प्रथिने लागतात. माशीच्या पुटक-पेशीतला आणि माणसाच्या पेशीतला धागा इथे एकाच जागी जुळतो.

उरलेली अडचण पुनर्संयोजनाची. स्तनाच्या आणि बीजकोषाच्या ज्या कर्करोगांत पुनर्संयोजनाला लागणारे बीआरसीए-1 हे जनुक निकामी असते, त्यांत डीएनएचे छोटे तुकडे लागोपाठ दोनदा छापलेले आढळतात. पुनर्संयोजन गेल्यावर प्रती वाढतात, हे माशीतल्या निष्कर्षाशी दिशेने जुळते. पण हे तुकडे साधारण दहा हजार अक्षरांचे, माशीतले उतार त्याच्या कितीतरी पट रुंद. या दोन्ही घटना एकच आहेत असे म्हणण्याइतका पुरावा मला दिसत नाही. मात्र एक दुवा पक्का आहे. पुनर्संयोजन गमावलेल्या गाठी जगण्यासाठी पॉलिमरेझ थीटावर टेकतात, हे 2015 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. एक मार्ग गेला की दुसरा भार घेतो, हा माशीतला धडाच तो.

आता खारघरच्या यादीकडे परत. सुपारीतले ॲरेकोलिन पेशीतल्या डीएनएला इजा करतेच, शिवाय ते पी-53 दाबते आणि दुरुस्तीचे कामही मंदावते, असे माणसाच्या पेशींवरच्या प्रयोगांत 2008 मध्ये आढळले. हे वाचून ‘सुपारीने दुरुस्ती बिघडते, म्हणून याप-1 च्या प्रती वाढतात’ असे जोडून टाकायचा मोह होतो, आणि बहुतेक आढावे तेवढ्यावर थांबतात. वरच्या युक्तिवादाने पाहिले तर ही जोडणी सैल आहे. पी-53 दाबले जाणे ही परवानगी झाली. प्रती वाढवायला कोणता मार्ग सांधत राहिला, हा प्रश्न उरतोच, आणि तो गाठीतच वाचता येतो. टोके थेट चिकटवली असतील तर सांध्यावर जुळणी जवळपास नसते. थीटाने काम केले असेल तर सांध्यावर चार-दोन जुळत्या अक्षरांची खूण राहते, कधी मध्ये उसन्या अक्षरांची ठिगळेही. 2013 चे वाचन जनुकांच्या प्रथिन घडवणाऱ्या भागापुरते होते, आणि प्रवर्धनाचे सांधे बहुधा त्या भागाच्या बाहेर पडतात. त्यांच्यासाठी संपूर्ण जीनोमचे वाचन हवे.

हे निव्वळ कुतूहल नाही. पॉलिमरेझ थीटाला रोखणारी औषधे आता माणसापर्यंत आली आहेत. नोव्होबायोसिन या जुन्या प्रतिजैविकात हा गुण आहे असे 2021 मध्ये दिसले, आणि त्याच वर्षी खास त्यासाठी घडवलेल्या रेणूंचेही निष्कर्ष आले. त्यांची निवड आज पुनर्संयोजन बिघडलेल्या गाठींसाठी होते, म्हणजे मुख्यतः बीआरसीए निकामी असलेल्या स्तन आणि बीजकोषाच्या रुग्णांसाठी. गाल-हिरडीच्या कर्करोगात प्रवर्धनाच्या सांध्यांवर थीटाची खूण वारंवार मिळाली, तर तीच औषधे याप-1 वाढवून जगणाऱ्या गाठींवर तपासण्याला आधार मिळेल. आणि सांधे टोके चिकटवणाऱ्या मार्गाचे निघाले, तर थीटा रोखून काही साधणार नाही, कारण माशीत दिसल्याप्रमाणे पहिला मार्ग जागेवर असताना दुसऱ्याची उणीव मोजक्याच ठिकाणी भासते.